नाव घ्या लिफ्टरावांचं

'नाव घे' हा खेळ असा आहे. चार ते दहा जण आपापल्या फोनवरून एका खोलीत शिरतात. खोली म्हणजे एक छोटा संकेतशब्द, तो व्हॉट्सॲपवर टाकला की झालं. स्क्रीनवर एक नाव येतं आणि एक आडशब्द. समजा नाव आलं 'सोसायटीची लिफ्ट' आणि आडशब्द 'मेथी'. दीड मिनिटात प्रत्येकाने लिफ्टचं नाव घेणारा, मेथी कुठेतरी बसवलेला, यमक जुळलेला उखाणा लिहायचा. त्याच दीड मिनिटात एक एआय मॉडेलही गुपचूप एक उखाणा लिहितं. वेळ संपली की सगळे उखाणे नावांशिवाय, क्रम पिसून समोर येतात. मग दोन मतं द्यायची: सगळ्यांत भारी कोणता, आणि यंत्राचा कोणता. यंत्र ओळखलंत तर गुण. तुमचा उखाणा दुसऱ्या कुणाला यंत्राचा वाटला तर त्याहून जास्त गुण.

मेथी-लिफ्टच्या डावात आलेले हे दोन उखाणे बघा.

मेथीची हिरवी पाने, निसर्गाचे हे देणे,
लिफ्टरावांचे नाव घेते, सुखाचे आमचे जिणे.

मेथीची जुडी निवडता निवडता संपली दुपार,
लिफ्टरावांचं नाव घेते, दुरुस्तीवाला अजून फरार.

कोणता कुणाचा हे सांगायला नको. दुसरा आमच्या समोरच्या काकूंचा आहे, आणि त्या दिवशी आमची लिफ्ट खरोखरच बंद होती.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते, नोकरी ऐरोलीला, सॉफ्टवेअर तपासणीची. माझा आतेभाऊ नेरूळला असतो, तो वेबसाइटचे स्क्रीन बनवतो. ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या ट्रान्स हार्बर लोकलमध्ये उभ्याउभ्या आमचं हे सगळं ठरलं. मूळ कल्पना फार महत्त्वाकांक्षी होती. यंत्रच सूत्रसंचालक, यंत्रच परीक्षक, यंत्रच कोडी घालणार, यमक तपासणार, गुण देणार, मधूनमधून विनोद करणार. माणसांनी फक्त लिहायचं. पुढचे कित्येक शनिवार-रविवार आमचं काम एकच चाललं होतं, ते म्हणजे यंत्राकडून एकेक काम काढून घेणं.

वस्तूंची नावं का घ्यायची, हे आधी सांगते. पहिल्या खेपेला आम्ही नेहमीचाच उखाणा ठेवला होता, नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव. आतेभाऊ म्हणाला, "ताई, मी कुणाचं नाव घेऊ?" त्याचं लग्न झालेलं नाही. हा प्रश्न त्याच्यापुरता गमतीचा होता, पण आमच्या मजल्यावरच्या दोघीजणी हळदीकुंकवाला येतात आणि उखाण्यांची वेळ आली की चहाचे कप गोळा करायला आत जातात, हे मी लहानपणापासून बघत आलेय. नाव घ्यायला नवरा लागतो, हा नियमच आम्ही काढून टाकला. पंखा, टँकर, मिक्सर, वायफाय, सोसायटीच्या वॉचमनचा डबा, रिक्षाचा मीटर, अशी यादी केली. 'राव' लावायचं की 'बाई', ते खेळणाऱ्याने ठरवायचं. त्या दोघींपैकी एक आता आमच्या गटातली सगळ्यांत खट खेळाडू आहे. टँकररावांचं नाव तिने ज्या ज्या प्रकारे घेतलंय, ते इथे छापण्यासारखं नाही.

आता यंत्राकडे वळते. मॉडेलला 'मराठी उखाणा लिही' असं नुसतं सांगितलं तर ते चांदीच्या ताटापासून सुरू करतं. ताट नसेल तर वाटी, वाटी नसेल तर तुळशीवृंदावन. दुसऱ्या ओळीत संसार, सुख, सोबत यांपैकी काहीतरी येतंच. कारण उघड आहे: त्याने जे मराठी वाचलंय त्यातले उखाणे बहुतेक लग्नाच्या याद्यांतले, आणि तिथे एकच उखाणा शंभर ठिकाणी उतरवलेला असतो. पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता जास्त, यावरच ज्याचं लिहिणं चालतं ते सगळ्यांत मळलेल्या वाटेने जाणार. कधीकधी तर ते पाठ केलेला उखाणाच जसाच्या तसा म्हणायचं. एकदा आई ओरडली, "अगं, हा तर माझ्या लग्नात आत्याने घेतलेला!" मग आम्ही माहितीतले पारंपरिक उखाणे गोळा करून त्यांच्याशी ताडून बघणारा एक साधा प्रोग्राम लिहिला. सलग पाच-सहा शब्द जुळले की यंत्राचा उखाणा बाद, पुन्हा लिही.

त्यासाठी मी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन बसले. १८९३ सालची संस्था. उखाण्यांच्या जुन्या पुस्तिका चाळताना मजा अशी वाटली की यंत्र ज्याला उखाणा समजतं तो गुळगुळीत प्रकार त्या मानाने बराच नवा आहे. जुन्यांत सासूला टोमणे आहेत, दिरांची खोड आहे, लांबच लांब यादीसारखे उखाणे आहेत ज्यांत अख्खं स्वयंपाकघर येतं. यंत्राला नमुने द्यायचे तर यातून द्यावेत असं ठरवलं, आणि तेव्हापासून त्याची भाषा थोडी खरखरीत झाली.

मॉडेलमध्ये 'तापमान' नावाची एक खुंटी असते. ती वाढवली की ते कमी शक्यतेचे शब्दही निवडायला धजतं. आम्हाला वाटलं, हीच गुरुकिल्ली. थोडं वाढवलं तर ताट-वाटी कमी झाली खरी. आणखी वाढवलं तर मराठीच मोडायला लागली. मध्येच हिंदीतला 'लेकिन' डोकावला, क्रियापदाचं लिंग फिरलं, 'मिक्सररावांचं नाव घेतली' असलं काहीतरी आलं. शेवटी उपयोग झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. दर वेळी यंत्राला एक स्वभाव द्यायचा आणि एक ठोस वस्तू द्यायची. 'तू एक वैतागलेला सोसायटी सेक्रेटरी आहेस आणि तुझ्या हातात पार्किंगचे स्टिकर आहेत.' स्वभाव आणि वस्तूंच्या याद्या आम्ही हाताने बनवल्या. त्यातल्या निम्म्या काकूंनी सांगितल्या. बारीक, नेमकी वस्तू समोर असली की यंत्र सुखा-समाधानाच्या ढगातून जरा खाली उतरतं.

परीक्षकाचं काम मात्र त्याच्याकडून पूर्ण काढून घ्यावं लागलं, आणि त्याची कथा मला सगळ्यांत आवडते.

ठाणेकरांच्या काही कोट्या ठरलेल्या आहेत. 'कळव्याला पोचलात की कळवा.' 'दिव्याला उतरून काय दिवे लावलेत?' आणि घोडबंदर रोडवर ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाला फोनवर 'घोडं कुठे अडलंय?' असं विचारलं की तो 'बंदरात' म्हणतो. ही शेवटची कोटी एका डावात कुणीतरी झकास बसवली. खोलीतले सगळे हसले. यंत्राने तिला दहापैकी चार गुण दिले आणि शेरा मारला की रचना चांगली आहे, पण घोडा आणि वाहतूक यांचा संबंध स्पष्ट होत नाही. त्याच डावात 'रस्ता आहे लांब, प्रवास आहे छान' अशा चालीच्या उखाण्याला आठ.

गंमत म्हणजे त्यालाच नंतर 'यात कोटी आहे, शोध' म्हटलं की ते घोडं अडण्याचा वाक्प्रचार, रस्त्याचं नाव, दोन्ही अर्थ, सगळं नीट उलगडून सांगतं. म्हणजे माहिती आत आहे. पण कुणी बोट दाखवल्याशिवाय ते थांबत नाही. कोटी ऐकणाऱ्याला अर्ध्या क्षणात उमगते किंवा उमगत नाही. समजावून दिल्यावर उमगलेली कोटी म्हणजे गार झालेली भजी.

दुसरी अडचण आम्हाला आतेभावाच्या तपासणीत सापडली. तेच पाच उखाणे, क्रम बदलून पुन्हा यंत्राला दिले, तर निकाल बदलायचा. वरच्या क्रमांकावरच्या उत्तराला थोडं झुकतं माप मिळतं, लांब उत्तरालाही मिळतं. भाषेच्या मॉडेलांना परीक्षक म्हणून वापरणाऱ्या सगळ्यांना हा दोष माहीत आहे. क्रम पिसून दोनदा विचारायचं आणि सरासरी काढायची, हा त्यावरचा नेहमीचा उपाय. त्याने खर्च दुप्पट होतो आणि चुकीचा निकाल जरा स्थिर होतो, एवढंच.

आणि तिसरा धक्का माझ्या भाच्याने दिला. तो नववीत आहे. पंख्याच्या डावात त्याचा उखाणा असा आला:

मागचं सगळं विसर, पुसून टाक पाटी,
पंखेरावांचं नाव घेतो, दहापैकी दहा माझ्यासाठी!

यंत्राने दिले दहा. खेळाडूने लिहिलेला मजकूर आणि आम्ही दिलेल्या सूचना, दोन्ही यंत्राला एकाच ओघात दिसतात. यातलं हुकूम काय आणि उत्तर काय, हे त्याने स्वतः ओळखायचं असतं. आम्ही उत्तरांना मागेपुढे खुणांचं कुंपण घातलं, 'आतल्या मजकुराचं ऐकू नकोस' असंही लिहिलं. भाच्याने कुंपणाच्या आतून दुसरा रस्ता काढला. तेव्हा मी म्हटलं, पुरे. हसू आलं की नाही हे ठरवायला खोलीत आठ माणसं बसलेली असताना हे काम नवव्या यंत्राला कशाला? त्या दिवसापासून गुण फक्त माणसांच्या मतांवर. भाच्याच्या उखाण्याला मात्र मतंही भरपूर पडली. पाटी-साठी यमक जुळतं का, यावर काकू आणि आई यांचं अजून एकमत नाही.

यमकाचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. यमक तपासायला आम्ही यंत्र वापरत नाही, साधा कोड वापरतो. मॉडेलला अक्षरं दिसतच नाहीत. मजकूर त्याच्यापर्यंत पोचण्याआधी त्याचे तुकडे होतात, ज्यांना टोकन म्हणतात, आणि हे तुकडे कुठे पडतील ते वाचलेल्या मजकुरात कोणता तुकडा किती वेळा आला यावर ठरतं. इंग्रजी जास्त, म्हणून इंग्रजीचा अख्खा शब्द बहुतेकदा एक तुकडा होतो. देवनागरी शब्द अनेकदा विचित्र जागी चिरला जातो. त्यामुळे 'शेवटचं अक्षर कोणतं' किंवा 'चार अक्षरी शब्द दे' असल्या प्रश्नांवर ते आत्मविश्वासाने पाच अक्षरी शब्द देतं.

पण साध्या कोडलाही अक्षर म्हणजे काय ते शिकवावं लागतं. 'क्षत्रिय' हा तीन अक्षरी शब्द आहे असं दुसरीतलं पोर सांगेल. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेला लांबी विचारली तर उत्तर येतं आठ: क, हलन्त, ष, त, हलन्त, र, वेलांटी, य. संगणकावर सगळ्या लिप्या कशा साठवायच्या ते ठरवणाऱ्या युनिकोडने वाचकाला दिसणाऱ्या अक्षराची वेगळी व्याख्या केली आहे, पण आपली जोडाक्षरं त्यात एकसंध धरायचा नियम २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या व्याख्येवर बेतलेल्या ब्राउझरमध्ये 'क्ष' अजून दोन तुकड्यांत तुटतो. म्हणून अक्षरं तोडायचा कोड आम्ही स्वतःच लिहिला. शिवाय 'सुऱ्या'तला तो अर्धा ऱ दोन तऱ्हांनी टाइप होतो. दिसायला सारखा, आतून वेगळा. दोन्ही एकच समजायचे हे कोडला सांगेपर्यंत 'साऱ्या' आणि 'वाऱ्या' यांचं यमक कधी जुळायचं, कधी नाही.

ऱ्हस्व-दीर्घ आम्ही समान धरतो. 'आणि' आणि 'पाणी' कागदावर जुळत नाहीत, कारण 'आणि'ची वेलांटी पहिली, कानाला जुळतात. श-ष एक. न-ण मात्र वेगळे, हा काकूंचा आग्रह. आणि यमक नाही जुळलं तरी उखाणा बाद होत नाही, फक्त बाजूला पिवळा ठिपका येतो. पिवळ्या ठिपक्याचे उखाणे कधीकधी सगळ्यांत जास्त मतं खातात.

हीच अक्षरांची भानगड भेंड्यांमध्ये दुपटीने आली. मुख्य खेळाच्या मधल्या वेळात आम्ही गावांच्या भेंड्या ठेवल्या, कारण आमच्या लाइनवरची स्टेशनं त्यासाठीच जन्माला आल्यासारखी आहेत. ठाणे म्हटलं की पुढच्याने 'ण' वरून गाव सांगायचं. मराठीत ण वरून सुरू होणारं गाव आणायचं कुठून? म्हणून घरोघरी नियम असतो, ण आला तर न घ्या. मग न वरून नेरूळ. नेरूळचा ळ, त्याचा ल. ल वरून लोणावळा. पुन्हा ळ. ल वरून लातूर, र वरून रबाळे, आणि पुन्हा ळ! एकदा ळ च्या चक्रात सापडलं की सगळे ल ची गावं शोधत बसतात. 'मुंब्रा' आलं तर ब घ्यायचा की र, यावर नेरूळकर आणि ठाणेकर यांच्यात रीतसर वाद झाला. र ठरला.

यात यंत्राला आम्ही एक खेळाडू म्हणून बसवलं होतं, आणि ते गावं रचायचं. ल वर अडलं की एक कानाला खरं वाटणारं गाव तयार, वर 'तालुका शहापूर' असा पत्ताही. शहापूर तालुक्यातलं माहेर असलेल्या काकू तिथेच बसलेल्या असतात हे त्याला कसं ठाऊक असणार. पण इथेही गंमत आहे. महाराष्ट्रात चाळीस हजारांहून जास्त गावं आहेत. रचलेलं नाव कुठल्यातरी जिल्ह्यात खरोखर असण्याची शक्यता चांगलीच असते. एकदा आम्ही यंत्राला खोटं ठरवलं आणि कुणाच्या तरी नातेवाइकाने त्या नावाचं गाव मराठवाड्यात दाखवून दिलं. ते नाव यंत्राला माहीत होतं की त्याच्या नशिबाने जुळलं, कोण सांगणार. जनगणनेच्या यादीवर ताडून बघावं म्हटलं तर तिथे नावं रोमन लिपीत, आणि रोमनमधून 'ळ' आहे की 'ल' ते कळत नाही, म्हणजे नेमकी आमची अडचण तिथे सुटत नाही. भेंड्यांमधून यंत्र उठवलं. आता हरकत घ्यायची असेल तर बाकीच्यांनी हात वर करायचा, जुन्या पद्धतीने.

एवढी सगळी कामं काढून घेतल्यावर यंत्राकडे उरलं काय? लपून खेळणं. ही कल्पना आतेभावाची. तो म्हणाला, "ताई, त्याचे उखाणे वाईट येतात ना, मग तेच ओळखायला लावू." अॅलन ट्यूरिंग या गणितज्ञाने १९५० साली 'यंत्र विचार करू शकतं का' हा प्रश्न मांडला तेव्हा सुरुवात एका घरगुती करमणुकीच्या खेळापासूनच केली होती. पडद्यामागे एक पुरुष, एक स्त्री, आणि चिठ्ठ्यांवरच्या उत्तरांवरून कोण कोण ते ओळखायचं. मग त्यातल्या एकाच्या जागी यंत्र बसवायचं. पंचाहत्तर वर्षांनी आमच्या दिवाणखान्यात तोच प्रकार, फक्त लिफ्टरावांच्या नावाने.

पहिल्या दिवशी यंत्र सगळ्यांनी लगेच ओळखलं, आणि उखाणा न वाचताच. त्याच्या ओळीत स्वल्पविराम जागच्या जागी असायचा. शेवटी पूर्णविराम. अनुस्वार बरोबर, 'घेतं' ऐवजी 'घेते', 'चं' ऐवजी 'चे'. आमच्या गटात पूर्णविराम देणारं दुसरं कुणीच नाही. मग सर्व्हरवर सगळ्यांचीच विरामचिन्हं पुसायला सुरुवात केली, ओळी एकाच मापाने तोडल्या आणि यंत्राला बोली रूपं वापरायला सांगितलं. त्यानंतर खेळ खरा सुरू झाला, कारण आता ओळखायचं ते लिहिण्यावरून. काकूंची कसोटी अशी: "ज्यात कुणाचीच तक्रार नाही तो यंत्राचा." ही कसोटी फार क्वचित चुकते.

मग पोरांनी उलटा डाव टाकला. यंत्रासारखं लिहिलं की जास्त गुण मिळतात हे त्यांच्या लक्षात आलं. भाच्याचा हा नमुना:

निसर्गाच्या सान्निध्यात फुलले प्रेमाचे गीत
मिक्सररावांचे नाव घेतो हीच आमची रीत

सगळ्यांनी हा यंत्राचा म्हणून मत दिलं. पोरगं शांतपणे गुण मोजत बसलं होतं. मला वाटतं आमच्या अख्ख्या खेळातला सगळ्यांत चांगला भाग हाच, आणि तो आम्ही रचलेला नाही. गुळगुळीत मराठीची इतकी चोख नक्कल करायची तर आधी ती कान देऊन ऐकावी लागते. शाळेच्या निबंधात हीच वाक्यं लिहून गुण मिळवणारं पोर इथे तीच वाक्यं टर उडवायला वापरतं. त्याच्या मराठीच्या बाईंना हे दाखवावं का, असा विचार माझ्या मनात येऊन गेला आणि मी तो सोडून दिला.

टायपिंगची अडचण आम्ही धरली होती त्यापेक्षा मोठी निघाली. अर्धे लोक मराठी रोमनमध्ये लिहितात, 'liftravancha nav ghete' या चालीवर, म्हणजे 'लिफ्टरावांचं नाव घेते' हे सगळं इंग्रजी बटणांनी. ते देवनागरीत आणायचं काम आम्ही मॉडेलला दिलं. ते त्याने उत्तम केलं, पण जाता जाता सुधारणाही केली. कुणी मुद्दाम 'बिघाड'चा 'बिग-हाड' केला असेल तर ते परत 'बिघाड' करून द्यायचं. चूक आणि कोटी यांत फरक करणं त्याला जमेना, आणि खरं सांगायचं तर बाहेरून बघणाऱ्या माणसालाही नेहमी जमत नाही. आता लिप्यंतर झाल्यावर लिहिणाऱ्याला ते आधी दिसतं, त्याने हवं तर बदलायचं. ज्येष्ठ मंडळी या कटकटीत पडतच नाहीत, त्या माइकचं बटण दाबून बोलतात. फक्त एकाच खोलीत बसून खेळत असाल तर माइकमध्ये बोललेला उखाणा सगळ्यांना ऐकू जातो, हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं. काकू आता गॅलरीत जाऊन बोलतात.

सर्व्हरच्या बाजूचं थोडक्यात उरकते. घड्याळ सर्व्हरवरच हवं. फोनच्या घड्याळावर विसंबलं की कुणाला दोन सेकंद जास्त मिळतात आणि भांडणं होतात. वेळ संपल्यावरही एक-दोन सेकंद दार उघडं ठेवायचं, कारण लोकलमधून खेळणाऱ्याचं उत्तर वाटेत असतं. कुणी मध्येच व्हॉट्सॲप उघडलं की मागचा ब्राउझर फोन झोपवतो आणि वेबसॉकेटची, म्हणजे फोन आणि सर्व्हर यांच्यातली सतत उघडी जोडणी तुटते. परत आल्यावर त्याला त्याच्याच खुर्चीवर बसवता आलं पाहिजे. खोली उघडणाराच निघून गेला तर यजमानपद आपोआप पुढच्याकडे. मॉडेलला उत्तर द्यायला काही सेकंद लागतात, म्हणून डाव सुरू होतानाच त्याला उखाणा लिहायला लावतो. माणसं डोकं खाजवत असतात तोवर त्याचं लिहून होतं आणि कुणालाच थांबावं लागत नाही. कधी उत्तर आलंच नाही तर आधी साठवलेल्या यंत्राच्याच उखाण्यांतला एक पुढे करतो. पैसे टोकनवर मोजले जातात आणि देवनागरीला टोकन जास्त पडतात, तेव्हा परीक्षकपद गेलं ते खिशाच्याही पथ्यावर पडलं. एका डावाला एक उखाणा. चार जण असोत की दहा, लिप्यंतर सोडलं तर खर्च तेवढाच.

लॉगिन आम्ही ठेवलंच नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळलेली संमती लागते, आणि आमचे अर्धे खेळाडू शाळकरी. टोपणनाव टाका, खेळा, खोली बंद झाली की सगळं पुसलं जातं. यामुळे चांगले उखाणे हरवतात अशी आईची तक्रार आहे. ती आता वहीत उतरवून घेते.

मध्यंतरी आम्ही वापरत होतो त्या मॉडेलची नवी आवृत्ती आली आणि आम्ही ती लावली. मराठी एकदम सुधारली. लिंग चुकत नाही, बोली रूपं नीट येतात, एकदा तर त्याने 'ओटीपी'चं यमक 'टोपी'शी जुळवून सगळ्यांना हसवलं आणि त्या डावात सर्वांत भारी उखाण्याचा मान यंत्राला गेला. काकू चिडल्या. "ह्याला गुण कशाला? ह्याला काय हळदीकुंकवाला बोलवायचंय?" प्रश्न बरोबर होता. यंत्र ओळखता येत नसेल तर अर्धा खेळ जातो, आणि ते जिंकायला लागलं तर लोक लिहायचे थांबतात. आतेभावाचं म्हणणं, जुनंच मॉडेल ठेवू. पण जुनी मॉडेलं कंपन्या काही काळाने बंद करतात, आणि मुद्दाम बावळट यंत्र किती दिवस शोधत फिरणार? माझं म्हणणं, आडशब्द अवघड करू. यंत्राला टोपी जमते, पण आमच्या सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गळतीवरून गेली दोन वर्षं चाललेली भांडणं जमणार नाहीत. म्हणून आता खोली उघडणाऱ्यालाच स्वतःचे आडशब्द टाकता येतात. तो शब्द यंत्रालाही दिसतो, पण त्यामागचं भांडण दिसत नाही. पहिल्याच डावात कुणीतरी 'ओल' हा आडशब्द टाकला आणि सेक्रेटरींचं नाव न घेता सेक्रेटरींचं नाव घेतलेले सहा उखाणे आले. यंत्राने ओल्या मातीचा सुगंध लिहिला.

संक्रांतीला काकूंना हा खेळ सोसायटीच्या हॉलमध्ये टीव्हीवर लावायचाय, तीस-चाळीस बायका एकदम. तेवढ्या माणसांना एका खोलीत बसवायचं तर सगळे उखाणे एका पडद्यावर वाचून होणार नाहीत. गट पाडावे लागतील, प्रत्येक गटात एक यंत्र. शिवाय टायपिंग कुणी करणार नाही, म्हणजे चाळीस माइक. आतेभाऊ म्हणतो, गॅलरी एकच आहे.